ऑटोमॅटिकवाले चाचा

आखातातून परतताना गल्लीतल्या इतर माणसांनी टीव्ही आणले, ब्लँकेटं आणली, बायकांना सोनं आणलं. चाचांनी गिअरबॉक्स आणला. तोही चालणारा नाही. मधोमध उभा कापलेला, फणस चिरल्यासारखा, आतली चाकं आणि चकत्या दिसाव्यात म्हणून. तिथल्या गॅरेजात नव्या कारागिरांना शिकवायला तो ठेवलेला असायचा. चाचा नोकरी सोडून निघाले तेव्हा मालकाने विचारलं, काय देऊ? यांनी तो मागितला.

चाची हे सांगताना अजूनही कपाळाला हात लावतात. "मले वाटनं, पेटीम्हा शिलाई मशीन शे. चार जनसनी उचली आनी. उघाडी तं हाई लोखंड!"

नंदुरबारात त्या वेळी बिनक्लचची, आपोआप गिअर बदलणारी गाडी कुणी पाहिलीसुद्धा नव्हती. चाचांनी मात्र गॅरेजात एका स्टुलावर ते लोखंड मांडलं, त्यावर धुतलेली चादर घातली, आणि रोज सकाळी चादर काढून हाताने त्याचा दांडा फिरवत बसायचे. एक चाक थांबलं की दुसरं फिरायचं, दुसरं थांबलं की तिसरं. मग चादर घालून ते दिवसभर कापसाचे ट्रक, ट्रॅक्टर आणि जिपा यांचे साधे गिअरबॉक्स दुरुस्त करायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "येतीन. लोके एक दिन क्लच दाबी दाबी थकतीन." असं ते पंधरा-सोळा वर्षं म्हणत राहिले. त्यांना 'ऑटोमॅटिकवाले चाचा' हे नाव गावाने चेष्टेने दिलं. पुढे गाड्या खरंच आल्या, एका डॉक्टरांची, मग एका ठेकेदाराची, मग बऱ्याच, तेव्हा चेष्टा गेली आणि नाव तेवढं राहिलं.

त्यांच्याकडे गाडी नेणं सोपं नव्हतं. ते आधी गाडीला हात लावायचे नाहीत, मालकाला बसवून घ्यायचे. पहिल्यांदा कधी झालं? थंड असताना की गरम झाल्यावर? चढाला की सपाटीला? मध्ये कुणी ऑइल बदललं का? खोटं बोललेलं त्यांना लगेच कळायचं. एका ठेकेदाराने सांगितलं की ऑइलला कुणी हात लावलेला नाही. चाचांनी मापाची पट्टी काढून हुंगली आणि म्हणाले, "शेठ, यम्हा इंजिननं ऑइल टाकेल शे. लई जा गाडी. दोन दिनम्हा खरं आठवनं तं परत या." ठेकेदार तणतणत गेला आणि दुसऱ्या दिवशी खरं आठवून परत आला.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ते दरवर्षी जायचे. घोडा कधी घेतला नाही. घोडा पारखणारी म्हातारी माणसं शोधून त्यांच्या मागे मागे दिवसभर फिरायचे. मी त्याच बाजूची, तापीकाठच्या गुजर घरातली. मी विचारलं, चाचा, तुमचं तिथे काय काम? म्हणाले, "ज्याले कयस तो घोडाना दात नंतर देखस. पहिले चालाडी देखस."

गाडीचीही ते आधी चालच पाहायचे, आणि ती तळपायांनी. चपला बाहेर काढून गाडीत बसायचे, अनवाणी पाय खालच्या पत्र्यावर सपाट टेकवायचे, डोळे मिटायचे. त्या वेळात बोललेलं चालायचं नाही. एका आमदाराचा माणूस फोनवर बोलत राहिला तर त्यांनी त्याला भर रस्त्यात उतरवून दिलं होतं, त्याच्याच गाडीतून.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या पायामुळे. लहानपणी पोलिओने माझा डावा पाय गेला. तो शरीराला आहे, पण त्याला जोर नाही. क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो, त्यामुळे गाडी चालवणं माझ्यासाठी नव्हतंच. मी सिकलसेलच्या तपासणीचं काम करते. रक्तातला हा आजार डोंगरातल्या गावांत घरोघर आहे. बोटाला टोचून थेंब घ्यायचा, तपासायचा, शंका आली तर पुढे पाठवायचा. मोलगीला आठवडी बाजाराच्या दिवशी चारी बाजूंनी माणसं चालत उतरतात, म्हणून मी त्या दिवशी तिथे असायलाच हवी. अनेक वर्षं मी ते जीपमधून केलं. माणसांच्या मांड्यांवर मांड्या, नमुन्यांची पेटी छातीशी, आणि डावा पाय कुणीतरी उचलून आत ठेवायचा. तो उचलून ठेवणारा माणूस नेहमी चांगलाच असायचा. तरी मला त्याची सवय कधी झाली नाही.

म्हणून मी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा एकटी घाट चढून मोलगीला गेले, आणि तिथे पोचल्यावर पाच मिनिटं गाडीतून उतरलेच नाही. नुसती बसून राहिले.

तीच गाडी दोन वर्षांनी घाटात फसली. इंजिन जोरात ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. मग हळूच मागे सरकायला लागली. मागून येणाऱ्या जीपमधल्या माणसांनी उतरून चाकाला दगड लावले. अर्ध्या तासाने गाडी काही झालंच नाही अशी निघाली. असं तीनदा झालं. मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स बदला, नाहीतर गाडी विका. मी चाचांकडे गेले तेव्हा मला पुन्हा जीपमध्ये उचलून ठेवणारे ते हात दिसत होते.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोठे दुखस ती?"

"मोलगीना घाटम्हा."

"मंग तठेच लई चाल. आठे तं ती चांगलीच शे."

आम्ही भर दुपारी निघालो. शेजारच्या सीटवर अनवाणी चाचा. अक्कलकुवा मागे पडल्यावर त्यांनी डोळे मिटले. घाटात दुसऱ्या मोठ्या वळणावर गाडीने तेच केलं. मी घाबरून ब्रेक दाबला. चाचांनी डोळे न उघडताच सांगितलं.

"न्यूट्रल कर. आते डी म्हा टाक. मोज."

मी दांडा डीवर, पुढे जायच्या खुणेवर, ओढला आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार, आणि मग गाडीला आतून धक्का बसला.

"रिव्हर्स टाक. मोज."

रिव्हर्स लगेच लागला. चाचांनी डोळे उघडले. "प्लेटा जित्या शेतस. मरेल राहत्यात तं दोन्हीकडे रडती. तिले उपाशी ठेयेल शे कोनी." मग मला समजेल अशा शब्दांत सांगितलं. आतल्या चकत्या शाबूत आहेत, पण गिअर बदलायला ऑइलचा दाब लागतो. तो दाब इकडे की तिकडे हे ठरवणारा एक ठोकळा असतो, त्यात बारीक बारीक वाटा, आणि प्रत्येक वाटेवर सळईएवढा व्हॉल्व्ह. गरम झाल्यावर त्यातला एखादा अडकतो. वर्कशॉपच्या स्कॅनरने काढलेला कागद मी पुढे केला. त्यांनी तो घडी करून मला परत दिला. "स्कॅनर तक्रार वाचस, बेटी. कारन नही वाचस."

इतकं स्पष्ट सांगून त्यांनी गाडी ठेवून घेतली, आणि मग काहीच केलं नाही.

पहिल्या आठवड्यात जॅक नव्हता. दुसऱ्या आठवड्यात पॅकिंग यायचं होतं. तिसऱ्या आठवड्यात पाऊस होता. मी पुन्हा जीपने जाऊ लागले. दर सोमवारी गॅरेजात जायचे, आणि चाचा उजवा हात पायजम्याच्या खिशात घालून बसलेले असायचे. गाडी होती तिथेच, तिच्यावर धूळ.

त्यांच्या गॅरेजात एक भिंत होती, तिच्यावर मला फार जीव. प्रत्येक गाडीच्या ऑइलचा एक थेंब ते टिपकागदावर टाकायचे, खाली गाडीचा नंबर आणि तारीख लिहायचे आणि खिळ्याला अडकवायचे. गुलाबी डाग म्हणजे तब्येत चांगली, चहासारखा म्हणजे थकलेली, काळा म्हणजे जळालेली. माझ्या रक्ताच्या नमुन्यांच्या काचपट्ट्यांसारखंच ते. एका सोमवारी त्यांची वाट पाहताना मी ती भिंत वाचत गेले. जुने कागद मोठ्या, ऐसपैस अक्षरांत. पुढे अक्षर जरा लहान. शेवटच्या वर्षातले आकडे मुंगीएवढे, एकमेकांत शिरलेले. माझ्या गाडीचा नंबर मला वाचता आला नाही.

मी इतकी वर्षं दवाखान्यांत वावरले होते. अक्षर असं बारीक होत जाणं ही कंपवाताची खूण. चालताना चाचांचा उजवा हात हलत नाही, हे मला तोवर का दिसलं नाही, याची मला लाज वाटली.

ते आले. मी सरळ विचारलं, "चाचा, हात दाखाडा."

"काय देखनं शे हातम्हा?"

"दाखाडा ना."

त्यांनी खिशातून हात काढला आणि टेबलावर ठेवला. अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होते, कुणी मण्यांची माळ ओढावी तसे. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात दाबून धरला. तो खालूनही हलत राहिला.

"पंधरा वरीस हात व्हतात तं गाड्या नव्हत्यात," ते म्हणाले. "आते गाड्या उन्यात तं हात गयात."

मी म्हटलं, शेजारच्या गॅरेजातल्या कुणाला सोबत घ्या. ते एकदम चिडले. "त्या हातोडीना लोके शेतस! आनि उद्या सगया गावले मालूम व्हई." चाची आतल्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सहा महिना व्हयनात, बेटी. शर्टन्या गुंड्या मीच लावस." चाचांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या आत गेल्या.

मी का बोलून गेले कोण जाणे. म्हटलं, "मन्हा हात चालतीन का?"

ते हसले नाहीत. एका वाटीत बारीक छर्रे होते, मोहरीपेक्षा थोडे मोठे, गुळगुळीत. त्यांनी चिमटा माझ्यापुढे सरकवला. "एक एक उचल. त्या झाकनम्हा ठेव. आवाज नको." मी सगळे छर्रे उचलून ठेवले. रोज तान्ह्या मुलांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेणाऱ्या बाईला ते अवघड नव्हतं. चाचा बराच वेळ माझ्या बोटांकडे पाहत राहिले. त्या नजरेत कौतुक होतं, आणि आणखी काहीतरी होतं, जे पाहून मी हात मांडीवर घेतले.

रविवारी गॅरेजचं शटर अर्धं ओढलं. खालचं जड काम, गाडी वर घेणं, ऑइल काढणं, तो ठोकळा उतरवणं, चाचांनी आदल्या दिवशी त्यांच्या एका ट्रकवाल्या मित्राकडून करून घेतलं होतं आणि त्याला घरी पाठवलं होतं. ऑइलच्या थाळीतलं चुंबक त्यांनी मला दाखवलं. त्यावर झिजेचा करडा, लोण्यासारखा थर होता, तुटलेल्या लोखंडाचा तुकडा नव्हता. "हाई काजय. हाई चाली. तुकडा दिसता तं मी तुले हात जोडता." टेबलावर चाचींची पांढरी चादर. ठोकळा मध्ये. मी स्टुलावर, चाचा समोर, दोन्ही हात काखेत दाबून.

ते सांगत गेले, मी करत गेले. कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर, प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यात त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवायचा. एकेक व्हॉल्व्ह बाहेर. "उभा धर. सोड. आपला वजनखाल सरकाले पाहिजे." पहिला सरकला, दुसरा सरकला. चौथा अर्ध्यावर थांबला. चाचा टेबलावर वाकले. "मियना," ते कुजबुजले, "मियना!" अडकणारा व्हॉल्व्ह सापडला होता, त्यावर तपकिरी कीट चढलं होतं. ऑइलमध्ये भिजवलेल्या अगदी बारीक पॉलिश कागदाने मी ते तासभर काढत होते. "जोर नको. तान्हा पोरना गालवरथीन हात फिराडस ना, तसा."

परत बसवताना त्या व्हॉल्व्हमागची स्प्रिंग दाबून धरायची होती. माझ्या दोन्ही हातांत काम होतं. क्षणभर मी चुकते की काय असं त्यांना वाटलं असावं. त्यांचा हात काखेतून निसटून पुढे आला. इतक्या वर्षांची सवय ती. बोट थरथरलं, स्प्रिंग उडाली आणि कुठेतरी पडल्याचा बारीक आवाज झाला.

चाची केरसुणी घेऊन आल्या. मी खाली बसू शकत नाही, तरी बसले. तिघंही जमिनीवर. मी टायरांखाली पाहत होते, चाची कोपरे झाडत होत्या, आणि चाचा गुडघ्यांवर हात टेकून एकाच जागी फरशीकडे पाहत राहिले होते. ते शोधत नव्हते. स्प्रिंग चाचींना दाराच्या खाचेत सापडली. त्यांनी ती पदराने पुसली आणि नवऱ्याच्या हातात न देता माझ्या हातात दिली.

चाचा उठून बाहेर गेले. नळाचं पाणी वाहण्याचा आवाज बराच वेळ येत होता. परत आले तेव्हा त्यांचं तोंड धुतलेलं होतं. "हां," ते म्हणाले, "दाब. आते टोपी ठेव. पेच."

चार दिवसांनी आम्ही तोच घाट चढलो. दुसऱ्या मोठ्या वळणावर गाडीने खालचा गिअर घेतला, इतका हलका की मला कळलाही नाही. चाचांच्या तळपायांना कळला. "लिधा," एवढंच ते म्हणाले. वर पोचल्यावर मी रडले. ते खाली उतरून दरीकडे पाठ करून उभे राहिले.

इथवरची गोष्ट मी एकदा चारचौघांत सांगितली. तीच माझी चूक.

त्यांना मी सुरतेच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, दिवसातले काही तास हात ऐकू लागला. आणखी दोन गाड्या आम्ही दोघांनी रविवारी उघडल्या. ते खुशीत होते. चाचींना म्हणाले, बेटीना हात मन्हा हातसपेक्षा बी चांगला शेतस. चाचींनी मला ते सांगितलं आणि मी फुलून गेले. त्याच महिन्यात एका सहकाऱ्याच्या निरोपाचा कार्यक्रम होता. कुणीतरी माझ्या गाडीचं विचारलं. मी सांगायला लागले. मला सांगता येतं, माणसं ऐकतात. छर्रे, चिमटा, चौथा व्हॉल्व्ह. चाचांच्या हाताची थरथर मी टेबलावर बोटांनी करून दाखवली. माणसं थक्क झाली, माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. त्यात तो ऑइलवाला ठेकेदार होता, हे मला नंतर कळलं.

महिन्याभरात गॅरेजसमोर गाड्या उभ्या राहायच्या थांबल्या. गावाला एवढंच कळलं की चाचांचे हात गेले. त्यांचे कान, त्यांचे तळपाय, वीस वर्षांची ती भिंत, यातलं काही गेलं नव्हतं. पण हे कोण कुणाला समजावणार? दिवाळीनंतर शटर कायमचं खाली आलं. कापलेला गिअरबॉक्स एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने नेला. चाचांना जाऊन आता दोन वर्षं होतील. झोपेतच गेले.

त्याआधीच्या थंडीत मी त्यांना एकदा मोलगीला घेऊन गेले होते. तुम्हाला जरा हवा लागेल, म्हटलं. तेव्हा ते फारच वाळले होते, गोळ्यांचाही उपयोग कमी झाला होता. घाट लागल्यावर मी समोर बघत, एका दमात सांगून टाकलं. म्हटलं, चाचा, गावम्हा तुमना हातसनी गोट मीच सांगी. दुसरा कोनी नही.

ते म्हणाले, "मले मालूम शे."

"कवयपासून?"

"दुसराच दिनपासून. ठेकेदार भेटाले उना व्हता. केळी लईसन उना. तू खुशीम्हा सांगेल शे. वाईट मनथीन नही. मले राग नही उना." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "पन पहिले लोके उनात का गाडीनी तब्येत विचारेत. आते मन्ही विचारतस."

मला पुढचं दिसेना. ते म्हणाले, "रस्तावर देख, बेटी."

मोलगीला पोचलो. बाजार भरला होता. मी त्यांना तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर उन्हात बसवलं आणि आत नमुने मांडू लागले. नवीन आलेल्या नर्सने खिडकीतून पाहून विचारलं, "मॅडम, हे बाबा कोण? पेशंट आहेत का?"

मी उत्तर देण्याआधी बाहेरून चाचांचाच आवाज आला. "नही नही. ड्रायवर शे मी. मॅडमना."

मी तोंड उघडलं. ते कोण आहेत हे सांगायला त्या सबंध जिल्ह्यात माझ्याइतकं योग्य माणूस नव्हतं. आणि एकदा सांगून काय झालं होतं ते आठवून मी गप्प बसले. ते बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही.

दुपारी मी बाहेर डोकावले. चाचा चहाच्या टपरीवर जीपवाल्यांच्या रांगेत बसले होते, पेला दोन्ही हातांनी धरून. समोर एक जीप चालू ठेवून चार ड्रायव्हर भांडत होते. एक म्हणत होता बेअरिंग गेलं, दुसरा म्हणत होता क्लच. चाचांनी चपला काढल्या होत्या. जीपच्या आवाजाकडे त्यांचा कान होता, डोळे मिटलेले होते. जीपचं काय दुखतंय ते त्यांना कळलं होतं, मला चेहऱ्यावरून दिसलं. त्यांनी डोळे उघडले, चहाचा घोट घेतला, आणि कुणी विचारलं नाही म्हणून काही सांगितलं नाही.